बाबूचा खेळ की सेठाणीचा

बाळू,

तुला जाऊन एकवीस दिवस झाले आणि वाचनालयाचे पाठक काल पुन्हा येऊन गेले. चपला काढता काढताच म्हणाले, "ताई, जल्दी काही नाही आहे, पण सोमवारपासून शिबिर आहे ना, तर तो खेळ कोणता घ्यायचा ते एकदा पक्कं करून टाका." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता तर तुमचाच समजा. नाही म्हणायला कोण आहे?"

बिचाऱ्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण माझं डोकं असं फिरलं की त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ते गेल्यावर मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाले, "आहे ना. नाही म्हणायला आहे!" आणि मग आठवलं की नाहीस. एकवीस दिवसांत हे असं किती वेळा झालं, ते सांगत बसत नाही.

रडायला हे लिहीत नाहीये. रडून झालं, अजूनही होईल, ते चालू राहील. मला दोन गोष्टींचा निकाल लावायचा आहे. एक खेळाचा, आणि दुसरा त्या वाक्याचा, जे मी वाचनालयाच्या कमिटीच्या बैठकीत सगळ्यांसमोर तुला बोलले. दोन्ही एकमेकांत असे गुंतलेत की एक सोडवायला जावं तर दुसऱ्याची गाठ घट्ट बसते.

शिबिराची कल्पना तुझी. "सुट्टीत पोरं मोबाइलवर मारामाऱ्या खेळतात, त्यापेक्षा गाड्या चालवू देत," असं म्हणून तू पाठकांना पटवलंस. उज्जैनच्या माधव नगरातलं आपलं छोटंसं मराठी वाचनालय, त्यातले पाच कॉम्प्युटर, बारा मुलं आणि दहा सकाळी. दहा दिवसांत दोन खेळ शिकवून होत नाहीत, तेव्हा एकच घ्यायचा, इथपर्यंत आपलं दोघांचं जमलं. तेवढंच जमलं.

तुझ्या खेळाला खेळ म्हणायचं तरी कसं? काळा पडदा, त्यावर आडव्या रेघा आणि रेघांवरून सरकणारे आकडे. एक आकडा म्हणजे एक गाडी. रूळ आधीच टाकलेले, वेळापत्रक आधीच ठरलेलं. तू फक्त सिग्नल द्यायचे, मालगाडीला बाजूच्या लूपमध्ये काढायचं, एक्सप्रेसला वाट करून द्यायची. तीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोलमध्ये बसून हेच केलंस, आणि रिटायर झाल्यावर तुझ्या लेकीनं, मुक्तानं, पुण्याहून लॅपटॉप पाठवला तर त्यावरही हेच. मी त्याला बाबूचा खेळ म्हणायचे. "पेन्शन घेऊन परत ड्यूटी! आणि ती पण खाली-पिली," असं मी तुला किती वेळा हिणवलं असेल.

माझा खेळ निराळा. त्यात डोंगर, नद्या, विखुरलेली गावं असतात आणि रूळ कुठेच नसतो. मी तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला, फळ्यावर नद्या काढल्या, पण नदीवर पूल कुठे बांधायचा हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. या खेळात पूल माझे, बोगदे माझे, इंजिनं माझी, कंपनी माझी. तू त्याला सेठाणीचा खेळ म्हणालास आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहून खोड्या काढायला लागलास.

"सेठाणी, या घाटात दोन इंजिनं लागतील."

"खेळात एक पुरतं."

"खेळाला काय मालूम घाट!"

नकाशावरच्या एका नदीकाठच्या गावाला मी आपल्या उज्जैनचं नाव दिलं आणि श्रावणी सोमवारसाठी सहा जादा गाड्या सोडल्या. खेळाला श्रावण ठाऊक नव्हता. सहाच्या सहा गाड्या रिकाम्या धावल्या. तू आठवडाभर हसत होतास, आणि भाजीवाल्यापासून पाठकांपर्यंत सगळ्यांना ती गोष्ट सांगून आलास.

मी हसायचे ते तुझ्या ड्यूटीच्या चार्जवर. तुझ्या खेळात थांबवायचं बटण होतं, पण तू ते एकदाही दाबलं नाहीस. "चालत्या गाडीला पॉज असतो का, ताई?" आंघोळीला उठायचं असलं तरी मला फोन. "पाच मिनिटं चार्ज घे ना." मी दोन गल्ल्या ओलांडून यायचे. तुझ्या बायकोनं, शैलानं, टेबलावर भेरूगढची छापील चादर अंथरली होती, तिच्यावर तुझा कागद तयार असायचा: कुठली गाडी कुठे उभी आहे, कुठला रूळ दुरुस्तीला बंद आहे, कुणाला आधी सोडायचं. खाली माझी सही. सही झाल्याशिवाय तू खुर्ची सोडत नव्हतास. शैला माझ्याकडे बघून म्हणायची, "ताई, हे तर असेच आहेत. तुम्ही पण?" मी पण. मला ते आवडायचं, बाळू. तोंडानं कुरकुर करायचे, पण तुझा फोन आला की हातातलं पोळपाट-लाटणं टाकून निघायचे. हे तुला कधी सांगितलं नाही.

आणि ती एकोणिसावी लेव्हल. ती तुला काही केल्या पार होत नव्हती. एक जंक्शन, तिथे ब्रँच लाइनची पॅसेंजर येऊन मिळते. संध्याकाळची एक्सप्रेस वेळेवर सोडायची, एवढंच काम. पण पॅसेंजर दर वेळी नऊ मिनिटं लेट असायची, आणि तू दर वेळी तिच्यासाठी एक्सप्रेस धरून ठेवायचास. शेवटी लाल अक्षरं यायची. नापास. वीसेक वेळा तरी नापास झालास.

"अरे, सोड ना एक्सप्रेस," मी म्हणायचे.

"पॅसेंजर पोचतेच आहे. नऊ मिनिटांचा तर सवाल आहे."

"तिच्यात कुणी नाहीये बाळू. नुसता आकडा आहे तो."

"असं कसं? शेवटची पॅसेंजर आहे. पुढची गाडी थेट सकाळी. लोक काय प्लॅटफॉर्मवर पडून राहतील?"

मी कपाळावर हात मारून घ्यायचे. एवढा शिकलेला माणूस आकड्यातल्या माणसांची काळजी करतो, हे मला वेडेपण वाटायचं. तेव्हा तसंच वाटायचं, आता खोटं कशाला बोलू?

मग वाचनालयातली ती बैठक. कमिटीचे सात जण, मध्ये कचोऱ्यांची ताटली, आणि आपण दोघं समोरासमोर. सुरुवातीला सगळ्यांना मजाच येत होती. तू म्हणालास, "ताईच्या खेळात पोरगा चुकला की रूळ उखडतो आणि परत टाकतो. असं कुठे होतं? जे आहे त्यात निभावून न्यायला शिकू दे त्यांना." मी म्हणाले, "निभावून न्यायला सगळी दुनिया शिकवते. नवं काही करायला कोण शिकवणार?" पाठक मान डोलवत म्हणाले, "बाळासाहेबांच्या बोलण्यात दम आहे." मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे तुझ्या बाजूला झुकत होते. मी हरत होते, आणि हरताना मी कशी होते हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

मी म्हणाले, "तू आयुष्यभर दुसऱ्यांनी टाकलेल्या रुळांवरून दुसऱ्यांच्या गाड्या सरकवल्यास. स्वतःचं असं काय बांधलंस तू? घर बाबांचं, खुर्ची सरकारची, लॅपटॉप पोरीचा."

तू "बरं, ताई" म्हणालास, उरलेला चहा संपवलास आणि गेलास. पाठकांनी निर्णय पुढच्या बैठकीवर टाकला.

त्यानंतर चार दिवस तू चार्ज घ्यायला बोलावलं नाहीस. मीही आले नाही. थोरली बहीण मी, मी का जाऊ, असं मनात. पाचव्या दिवशी सकाळी फोन आला तो शैलाचा. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल. माणसं अशा वेळी हेच सांगतात, आणि आपणही ते धरून ठेवतो.

तेराव्यापर्यंत मला कशाचीच शुद्ध नव्हती. पण पाठक पहिल्यांदा विचारायला आले, तेव्हा मी एक ठरवलं. तू गेलास म्हणून तुझा खेळ निवडायचा नाही, आणि तू गेलास म्हणून माझाही नाही. गेलेल्या माणसाला हो म्हणणं फार सोपं असतं, तो पुढे काही बोलत नाही. पण फोटोला हार घातल्या घातल्या तुझं म्हणणं खरं ठरवणं म्हणजे तुला भीक घालणं झालं असतं. लहानपणी सागरगोट्यांत मी मुद्दाम हरले की तू चिडून डाव मोडायचास, "नीट खेळ नाहीतर जा." तेव्हा मी नीट खेळायचं ठरवलं. रोज दुपारी तुझ्याकडे जायचं, तुझ्या खुर्चीत बसायचं आणि तुझा खेळ पहिल्या लेव्हलपासून स्वतः खेळायचा. मगच बोलायचं.

बाळू, फार कठीण आहे रे तो. सही करून पाच मिनिटं बसणं वेगळं आणि सगळी ड्यूटी काढणं वेगळं. तिसऱ्या लेव्हलला माझ्या दोन मालगाड्या समोरासमोर येऊन उभ्या राहिल्या, मागे एक्सप्रेस, तिच्या मागे आणखी एक. कुणालाच हलवता येईना. इथून रूळ काढावा, तिथे एक जास्तीचा टाकावा, असं हात शिवशिवत होते, पण या खेळात ते नसतंच. आहे ते एवढंच आहे. त्यातूनच सगळ्यांना पुढे काढायचं, कुणालाही पुसून टाकता येत नाही. माझ्या खेळात एखादं स्टेशन चालेनासं झालं की मी ते एका बोटानं मिटवते, गावासकट विसरते. तू म्हणत होतास ते हेच होतं. मी ऐकलं नव्हतं. म्हणजे कानांनी ऐकलं होतं, उत्तर शोधता शोधता.

चार दुपारी गेल्या. पाचव्या दुपारी मी एकोणिसाव्या लेव्हलला पोचले. तेच जंक्शन, तीच संध्याकाळ. पॅसेंजर नऊ मिनिटं लेट. मी काय करायचं हे मला पक्कं माहीत होतं. वेळ झाली, हिरवा दिला, एक्सप्रेस गेली. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, शाबासकीचे तारे चमकले, विसाव्या लेव्हलचं दार उघडलं. खाली कोपऱ्यात घड्याळ अजून चालूच होतं. नऊ मिनिटांनी पॅसेंजरचा आकडा सरकत आला आणि रिकाम्या रुळाशेजारी उभा राहिला. बाकी काहीच झालं नाही. त्या खेळात त्याची नोंदच नाही.

शैला स्वयंपाकघरातून म्हणाली, "सोडली का एक्सप्रेस?"

"सोडली."

"हे नाही सोडायचे." मग हात पुसत बाहेर आली. "नोकरीत पण हेच करायचे, ताई. जंक्शनवर मेल धरून ठेवायचे त्या पॅसेंजरसाठी. दहा मिनिटं, कधी पंधरा. मग वरून जवाब मागायचे, गाडी लेट का केली? हे लिहून द्यायचे, 'मी थांबवली.' बस, इतकंच. मी बोलायची, अहो कारण तर लिहा. तर म्हणायचे, कारण सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्याला नाही माहीत त्याला लिहून काय समजणार."

मी तुझी सख्खी बहीण. एवढी वर्षं एका गावात, दोन गल्ल्यांवर. हे मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस हे खरं, पण मी तरी कधी विचारलं होतं?

मग जे विचारायला मी घाबरत होते ते विचारलं. "शैला, तो माझ्यावर रागावून गेला का गं?"

ती चटकन म्हणाली, "नाही हो. रागावले असते तर बरं झालं असतं. एक दिवस जेवताना बोलले, ताई बोलली ते सच आहे. मी काही बांधलं नाही."

तू रागावला असतास, मला शिव्या दिल्या असत्यास, वर्षभर बोलला नसतास, तरी मी सहन केलं असतं. पण तू ते खरं मानलंस. माझं एक वाक्य, जे मी केवळ हरू नये म्हणून फेकलं होतं, ते तू घरी नेलंस आणि जेवताना बायकोला सांगितलंस. त्या दुपारी मी शैलाच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, बाळू. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि दुःख तिचं मोठं, पण रडले मी.

त्या दिवसानंतर कुणीही म्हणेल की तुझा खेळ निवडून मोकळं व्हावं. मलाही तसंच वाटलं. घरी आले आणि पाठकांना फोन लावायला हात पुढे केला. मग थांबले. म्हटलं, माझा खेळही एकदा नीट बघू. न्याय करायचा तर दोन्हीकडे.

मी माझी कंपनी उघडली. गाड्यांच्या वेळापत्रकात प्रत्येक स्टेशनापुढे एक लहानसा चौकोन आहे. 'जोडगाडी येईपर्यंत थांबा.' दोन वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर होता. मी एकदाही त्यात खूण केलेली नव्हती. माझ्या गाड्या कुणासाठी थांबत नाहीत, याचा मला अभिमान होता. मी एका जंक्शनवर खूण केली आणि बघत बसले. एक्सप्रेस थांबली. लहान गाडी आली. तिच्यातली माणसं उतरून एक्सप्रेसमध्ये चढली, हो, माझ्या खेळात ठिपक्यांएवढी का होईना पण माणसं दिसतात. मग एक्सप्रेस सुटली. पुढची तीन स्टेशनं तिला उशीर झाला, कंपनीचं नुकसान झालं, माझे गुण उतरले. पण कुठेही नापास असं आलं नाही. तोटा सोसायचा की नाही, हे खेळानं माझ्यावर सोडलं होतं.

तेव्हा माझं ठरलं. आणि ते तुला आवडणार नाही.

मी माझाच खेळ निवडला आहे. तुझा खेळ तुझ्यापेक्षा लहान आहे, बाळू. तुझ्यातलं जे सगळ्यात चांगलं होतं, त्याला तो वीस वेळा नापास म्हणाला. बारा मुलांना मी त्याच्यापुढे बसवणार नाही. उशिरा येणाऱ्यासाठी थांबलं की लाल अक्षरं येतात, हे त्यांनी दहाव्या वर्षी शिकू नये, मोठेपणी सगळे शिकवतीलच. माझ्या खेळात थांबायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, आणि थांबले तर तोटा स्वतःच्या नावावर घ्यावा.

पण तुझा मुद्दा मी सोडलेला नाही. या शिबिरात टाकलेला रूळ उखडायचा नाही आणि बांधलेलं स्टेशन पुसायचं नाही, असा नियम मी केला आहे. चुकलात तर चुकीसकट गाड्या चालवा. आज पाठकांना फोनवर हे कळवलं तर म्हणाले, "ताई, बच्चे लोक बोर होतील." मी म्हणाले, "होऊ देत." यावर तू अजूनही भांडशील, म्हणशील की मग माझाच खेळ काय वाईट होता. भांड. मी मागे हटणार नाही. खेळाचा निकाल लागला.

राहिलं ते वाक्य. ते मी सात माणसांसमोर बोलले होते, त्यामुळे इथे कागदावर मागे घेऊन भागणार नाही. सोमवारी सकाळी नऊला तेच सात जण येतील, बारा मुलं येतील, त्यांचे आईवडील येतील. शैला यायला तयार नव्हती, तिला मी जबरदस्तीनं हो म्हणायला लावलं आहे. मी उभी राहून आधी सांगणार आहे की खेळ कोणता घेतला आणि का घेतला. मग सांगणार आहे की याच खोलीत मी माझ्या भावाला विचारलं होतं, तू काय बांधलंस, आणि विचारताना मला त्याच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. तो गाड्या थांबवायचा आणि लिहून द्यायचा, 'मी थांबवली.' किती माणसं त्यामुळे त्या त्या संध्याकाळी आपापल्या घरी पोचली, त्यांची नावं त्यालाही माहीत नव्हती. मी चुकले, असं सांगणार आहे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी भर वर्गात 'मी चुकले' असं कधी म्हटलेलं नाही. जीभ अडखळेल. अडखळू दे.

तू ऐकणार नाहीस, हे यातलं सगळ्यात वाईट, आणि त्यावर माझ्याकडे काही इलाज नाही. तू ते खरं मानून गेलास. पण तुझ्यामागे या गावात दुसरं कुणी ते खरं मानणार नाही, एवढं मी करणार.